शोकेस सरळ, भिंत वाकडी

घरात सुतार लागलाय, ही बातमी आमच्या ओळखीपाळखीत दबक्या आवाजात सांगतात. ऐकणारा आधी "कधीपासून?" विचारतो, मग "कोणाला दाखवलंत?" या सुरात "मिस्त्री कोण?" अशी चौकशी करतो आणि निघताना "होईल हो सगळं ठीक" म्हणून जातो.

आमच्याकडे मिस्त्री लागला तो शोकेससाठी. हॉलमध्ये नव्वदच्या दशकातलं एक वॉल युनिट होतं. ज्यांची लग्नं त्या सुमाराला झाली त्यांना वर्णनाची गरज नाही. चॉकलेटी सनमायका, डावीकडे सरकत्या काचांचे तीन कप्पे, उजवीकडे पुस्तकांसाठी केलेले आणि बहुतेक इस्त्रीच्या कपड्यांनी भरलेले कप्पे आणि मधोमध टीव्हीसाठी भलं मोठं भगदाड. त्या काळचा एकवीस इंची टीव्ही मागच्या बाजूला दीड फूट पसरलेला असायचा. पुढे टीव्ही चपटा झाला, भिंतीवर गेला, भगदाड तेवढं उरलं. त्यात आधी सासूबाईंच्या औषधांचा डबा आला, मग टॉर्च, मग विजेची बिलं, मग बस्तरची झिटकू-मिटकीच्या पितळी मूर्तींची जोडी, आणि एके दिवशी तिथे नवऱ्याचं हेल्मेट दिसलं तेव्हा मी जाहीर केलं की आता नवीन शोकेस करायची.

बेंगळुरूहून मुलाने फोनवर तोडगा काढला. "आई, ऑनलाइन मागव. दोन माणसं येतात, तासाभरात जोडून देतात." नवरा बँकेतून निवृत्त होऊन घरी होता, आणि तासाभरात संपणाऱ्या कुठल्याही कामात त्याला रस उरलेला नव्हता. "तो दाबलेला भुसा असतो," तो म्हणाला. "ज्या राज्याचा चव्वेचाळीस टक्के भाग जंगल आहे तिथे राहून आपण भुशाचं कपाट विकत घ्यायचं?" आकडा बरोबर होता. छत्तीसगडचं जवळपास एवढं क्षेत्र वनखात्याच्या दप्तरी जंगल म्हणूनच नोंदलेलं आहे. पण त्या जंगलाचा आणि आमच्या हॉलचा संबंध इतके दिवस फक्त टीव्हीवर हत्ती दिसले की यायचा. आता तो भावनेचा प्रश्न झाला.

लाकूड कुठलं, या विषयावर मग घरात जी चर्चा झाली तिच्यापुढे मुलाच्या लग्नाच्या वेळची चर्चा काहीच नव्हती.

सागाचं नाव निघायचा अवकाश, चंद्रपूरचे भाऊजी फोनवर. माझ्या ताईचे यजमान. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरच्या आगारातून साग गेला, तेव्हापासून भाऊजी त्या दारांबद्दल स्वतः रंधा मारून आल्यासारखे बोलतात. "तुमच्याकडचा साग काही खरा नाही," त्यांनी निकाल दिला. "सी. पी. टीक म्हणजे आमचा चांद्याचा. त्याला तेल असतं. मी सांगतो तिथून ट्रकने मागवा." नवऱ्याने शांतपणे विचारलं, "साडूभाऊ, सी. पी. म्हणजे काय हो?" सी. पी. म्हणजे मध्य प्रांत. इंग्रजांच्या त्या प्रांतात चांदा म्हणजे चंद्रपूर होतं तसंच आमचं रायपूरही होतं. प्रांत जाऊन सत्तरहून जास्त वर्षं झाली, पण लाकडाच्या बाजारात तो अजून शाबूत आहे. भाऊजींनी विषय बदलला आणि तेंदूपत्त्यावर गेले.

मग नवऱ्याला राज्यप्रेमाचा झटका आला. साल हा छत्तीसगडचा राज्यवृक्ष, इथल्या भाषेत सरई. तेव्हा सालाचीच शोकेस का नको? मिस्त्री पहिल्यांदा मोठ्याने हसला तो तेव्हा. कानामागची पेन्सिल काढून त्याने आमच्या दाराच्या चौकटीवर टकटक केलं. "ए साल आय, भैया. एमा खीला नइ घुसय." चौकट सालाचीच होती, खिळा घुसत नाही हे मान्य होतं, दिवाळीचं तोरण आम्ही वर्षानुवर्षं चिकटपट्टीने लावतो. एकेकाळी देशभरातल्या आगगाड्या सालाच्या स्लीपरांवरून धावल्या. ज्या लाकडाने मालगाडी तोलली त्याच्यावर सावंतवाडीची लाकडी केळी मांडणं हा त्याचाही अपमान झाला असता.

शेजारच्या काकू बिजासाल घ्या म्हणाल्या. का, तर साखरेला चांगलं. बिजाच्या लाकडाचे पेले इकडे मिळतात. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी रंग उतरलेलं पाणी मधुमेहवाल्यांनी प्यायचं, असा जुना प्रघात आहे. औषध म्हणून त्यात किती तथ्य आहे ते वैद्य जाणोत. पण पाच फूट रुंद, साडेसहा फूट उंच शोकेस रात्रभर भिजत घालायची कुठे, याचा खुलासा काकूंनी केला नाही. त्यांच्या यजमानांनी शिवण सुचवलं. हलकं, पिळवटत नाही, इकडे त्याला खम्हार म्हणतात. ही सूचना खरंच शहाणपणाची होती, त्यामुळे तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

शेवटी ठरलं ते बाकी सगळ्या भारतात ठरतं तेच. चौकट आणि दारं सागाची, बाकी प्लायवूड. प्लायच्या दुकानात "सातशे दहा दाखवू का?" असं विचारतात. नवऱ्याला वाटलं भाव सांगतायत, आणि त्याने लगेच सहाशेवर घासाघीस सुरू केली. तो भाव नव्हे, भारतीय मानकाचा क्रमांक. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, पाण्यातही टिकणारा. साधा प्लाय तीनशे तीनचा. रायपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे, तरी शहरात निम्म्या घरांतली कपाटं जहाजाच्या लाकडाची आहेत. एवढ्या तयारीनिशी पूर आलाच तर माणसं कपाटात बसून महानदीमार्गे सुखरूप कटकला पोचतील.

सागासाठी दोघं भनपुरीकडच्या आरा मिलवर गेले. मीही गेले, कारण नवरा आणि मिस्त्री दोघांनाही एकटं सोडण्यात अर्थ नव्हता. तिथे ओंडका मोजायची रीत पाहण्यासारखी आहे. ओंडक्याभोवती दोरी फिरवायची, गोलाईचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. गोलाई छत्तीस इंच असेल तर नऊ गुणिले नऊ, एक्क्याऐंशी. नवरा थबकला. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला आकड्यातला तोटा वासाने कळतो. त्याने मोबाइल काढला, वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र मांडलं आणि उत्तर आलं एकशे तीन. "म्हणजे एकशे तीन चौरस इंच लाकूड आणि पैसे एक्क्याऐंशीचे! शंभराला एकवीस रुपये सूट! यांच्या लक्षातच आलेलं नाही!" हे तो मला कानात सांगत होता, पण करवतीच्या पट्ट्याच्या आवाजात कानात सांगायचं तर ओरडावं लागतं. मिलवाल्याने मान न वळवता उत्तर दिलं, "वो छिलका है, भैया." गोल ओंडका चौकोनी करताना चारी बाजूंनी जी फळकुटं निघतात ती वजा करणारी ही पद्धत आहे, आणि इंग्रज जायच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. परतताना नवरा गप्प होता. फळकुटंसुद्धा मिलवाला वेगळी विकतो, हे मी त्याला घरी आल्यावर सांगितलं.

काम किती दिवसांचं असं विचारल्यावर मिस्त्रीने "हफ्ता भर के काम हे, भाभी, हो जाही" असं सांगितलं. तेव्हा आषाढ लागला होता.

आधी मोजमाप. मिस्त्री इंच आणि सूत यांत बोलतो. एका इंचाचे आठ सूत. मुलाने बेंगळुरूहून जे चित्र पाठवलं होतं त्यावरची मापं मिलिमीटरमध्ये होती. नवऱ्याच्या टेपवर सेंटिमीटरची बाजू शाबूत, इंचांची पुसलेली. सासूबाई वितीने मोजतात आणि त्यांची वीत गेल्या चाळीस वर्षांत थोडी आखडली आहे. चौघांनी एकच भिंत मोजली आणि भिंतीच्या चार रुंद्या निघाल्या. मिस्त्रीने सगळ्यांचं ऐकून घेतलं, प्रत्येकाला "हव", म्हणजे हो, म्हणाला आणि बिडीच्या पाकिटावर स्वतःचं माप लिहून घेतलं.

मग गुण्या बाहेर आला. काटकोन तपासायचं हे साधं अवजार, पण ते घरात आलं आणि घराची शांतता गेली. मिस्त्रीने तो कोपऱ्याला लावला आणि काहीच बोलला नाही. नवऱ्याने वाकून पाहिलं. कोपरा नव्वद अंशांचा नव्हता. दुसरा कोपराही नव्हता. ओळंबा सोडल्यावर कळलं की भिंत वरच्या बाजूला तीन सूत मागे गेलेली आहे. एवढी वर्षं आम्ही त्या घरात उभे राहत होतो आणि स्वतःला सरळ समजत होतो. दुपारी मिस्त्री जेवायला बसला तसा नवऱ्याने गुण्या उचलला आणि घर तपासायला घेतलं. जेवणाचं टेबल वाकडं. खिडकी वाकडी. देवघर वाकडं, पण ते त्याने हळू आवाजात सांगितलं. आमच्या लग्नातल्या फोटोची चौकट तपासायला तो स्टुलावर चढला तेव्हा सासूबाई माळ ओढत मला म्हणाल्या, "त्याला म्हणावं, माणसांना लावू नकोस हो ते."

मिस्त्रीच्या जेवणाबद्दल सांगितलं पाहिजे. स्टीलच्या डब्यात बासी असायची, म्हणजे रात्री पाण्यात घालून ठेवलेला भात. सोबत कांदा, मीठ, हिरवी मिरची, कधी लाल भाजी. आमच्याकडच्या पाहुण्यांना हे गरिबाचं खाणं वाटतं. पण याच बोरे-बासीला २०२२ साली १ मे रोजी, कामगार दिनी, राज्य सरकारने मोठा मान दिला आणि मंत्र्यासंत्र्यांनी कॅमेऱ्यांसमोर बसून ती खाल्ली. रायपूरच्या उन्हात पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना तिच्याएवढं थंड काही नाही. अडचण एवढीच की बासी खाल्ली की झोप येते. मिस्त्री फळ्यांच्या गंजीला टेकून तासभर डोळे मिटायचा, आणि त्याच्यावर देखरेख करायला खुर्ची टाकून बसलेला नवरा त्याच्याही आधी घोरू लागायचा. दोघांची झोपमोड करायला मी चहा ठेवायची. माझ्या मते कामाचा वेग बासीमुळे कमी झाला नाही; तो चहामुळे कमी झाला. पण चहा बंद करणं म्हणजे मराठी घराची अब्रू गेली, तेव्हा तो चालू राहिला, आणि त्यात रंध्याचा भुगाही आपोआप पडत राहिला. सागाचा भुगा चहात पडला तर चव वेलदोड्यासारखी लागत नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

भुगा हा एक वेगळाच विषय आहे. तो डाळीच्या डब्यात गेला, देवांच्या वस्त्रांत गेला, आणि व्हिडिओवर बोलताना मुलगा म्हणाला, "आई, तुझे केस एवढे कधी पिकले?"

फळ्या कापून झाल्या, चौकटीला साल-कूस, म्हणजे सांध्याच्या खाचा आणि जिभा, पाडून झाले. चौकट उभी राहायच्या बेतात होती आणि हरेली आली.

ज्यांचा छत्तीसगडशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे ज्या दिवशी दिव्याची अवस असते त्याच दिवशी इकडे हरेली. नांगर, कुदळी, फावडी धुऊन त्यांची पूजा करतात, पोरं बांबूच्या गेड्यांवर चढून फिरतात, आणि गावोगावी लोहार येऊन दाराच्या चौकटीत एक खिळा ठोकून जातो, वाईटसाईट घरात शिरू नये म्हणून. मिस्त्री हरेलीसाठी गावाला गेला. म्हणजे आमच्या घरी हातोडी थंड, आणि त्याच्या गावच्या घरी चौकटीत खिळा. परत आला तर श्रावण अर्धा सरला होता. मग पोरा आला, आपला पोळा, त्याच दिवशी. मग तीजा, म्हणजे आपली हरितालिका. यात छत्तीसगडची प्रत्येक लेक माहेरी जाते आणि तिला आणायला भाऊ किंवा बाप जातो. मिस्त्रीला तीन बहिणी. आमच्याकडे गणपती बसले ते अर्धवट चौकटीच्या आत. आरास करायचा खर्च वाचला. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाच्या मंडळींनी दर्शनाला आल्यावर "वा, यंदा लाकडी मखर!" अशी तारीफ केली आणि आम्ही ती घेतली. १९३५ सालापासूनच्या मंडळाचे लोक कौतुक करतात तेव्हा खुलासे करत बसू नये.

गणपती गेले आणि १७ सप्टेंबर आला, विश्वकर्मा पूजा. या दिवशी अवजारांना हात लावायचा नाही, त्यांना हळद-कुंकू लावायचं. इतक्या दिवसांत अवजारांना हात न लावण्याचा एवढा सराव झालेला होता की पूजा अगदी यथासांग पार पडली.

मधल्या काळात पाऊस धो धो पडत होता आणि लाकूड आपलं काम करत होतं. लाकूड कापल्यावरही स्वस्थ बसत नाही. हवेतलं पाणी पिऊन फळी फुगते, आणि फुगते ती रुंदीला. लांबीला जवळजवळ नाहीच. म्हणून श्रावणात दारं अडकतात आणि मार्गशीर्षात सुटतात. सागाचं हे फुगणं बाकी लाकडांपेक्षा कमी, त्याचा मान आहे तो यासाठी. नवऱ्याने दर दोन दिवसांनी दाराच्या फळ्यांची रुंदी मोजून वहीत लिहिली. ती वही अजून आहे. तिचं काय करायचं ते ठरायचंय.

चौकट उभी राहिली, प्लायची पाठ बसली, आता पॉलिश तेवढं राहिलं. मिस्त्रीने आभाळाकडे पाहिलं. "पानी-बादर मा पालिश नइ चढ़य." हे खरं होतं. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचं पॉलिश दमट हवेत केलं की त्यावर पांढुरकी धुरकट छटा येते. नवऱ्याने मेलामाइन, पीयू वगैरे नावं उच्चारली. इंटरनेटवर वाचलेली होती. पण इथे मी मध्ये पडले. पॉलिश लाखेचंच हवं. कारण लाख ही या मातीची वस्तू आहे. कुसुम, पळस, बोर यांच्या फांद्यांवर बारीकसा किडा बसतो, रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचं घर बांधतो. ते घर खरवडून, गाळून, ताणून त्याची चपडी बनते. पळसावरची लाख ती रंगीनी, कुसुमावरची ती कुसमी, आणि कुसमीला भाव जास्त. झारखंड आणि छत्तीसगड मिळून देशातली बरीचशी लाख पिकवतात. ज्या किड्याने रायपूरपासून चार-पाच तासांवरच्या रानात बसून स्वतःचं घर बांधलं, त्याने बांधलं किती दिवसांत ते बघा, आणि आमचं कपाट बघा, असं मी मिस्त्रीला म्हटलं. तो म्हणाला, "ओला तीजा नइ लागय, भाभी." त्याला तीजा नसतो. यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

दसऱ्याला पॉलिश झालं. दिवाळीच्या आधी काच बसली. शोकेस भिंतीला लावली आणि वरच्या टोकाला शोकेस नि भिंत यांच्यामध्ये तीन सुतांची फट राहिली. नवरा काही बोलायच्या आत मिस्त्रीने हात वर केला. "आलमारी सोझ हे, भैया. भिथिया टेढगा हे." शोकेस सरळ आहे, भिंत वाकडी आहे. बँकेतल्या माणसाला लेखापरीक्षणाची भाषा लगेच समजते. फटीत लाकडाची पट्टी बसली आणि तिच्यावर तीनदा पॉलिश झालं. आता सगळ्या घरात सरळ अशी एकच वस्तू आहे आणि तिच्या मानाने आम्ही सगळे कललेले दिसतो.

खरी मारामारी यानंतरची. पाच फळ्या, आणि घरात जमलेल्या वस्तू एका जिल्ह्याला पुरतील एवढ्या. संग्रहालयं काढणाऱ्यांची मला पूर्वी टिंगल करावीशी वाटायची. १८७५ साली राजनांदगावच्या महंत घासीदासांनी रायपुरात संग्रहालय उभारून दिलं; सिरपूरच्या धातूच्या मूर्ती तिथे आहेत, शिलालेख आहेत. पुण्यात दिनकर केळकरांनी चष्म्याचं दुकान सांभाळून दिवे, अडकित्ते, कुलपं, बाहुल्या असं वीस हजारांहून जास्त सामान जमवलं आणि शेवटी सगळं सरकारच्या हवाली केलं. केळकरांचं थोरपण मला आत्ता उमगलं: त्यांनी सगळं मांडलं आणि मग दिलं. आमच्या ओळखीत मांडायचं की द्यायचं, इथेच सगळं अडतं.

कारण शोकेस घरच्यांसाठी नसते. पाहुण्यांसाठीही नसते. ती असते वस्तू देणाऱ्यांसाठी. नणंद नागपूरहून दिवाळीला येणार म्हणताच तिने दिलेली काचेची गणेशमूर्ती डोळ्यांच्या रेषेत हवी. ती परत गेली की मूर्तीने मागच्या रांगेत जायचं. चंद्रपूरच्या भाऊजींनी दिलेलं घड्याळ बंद आहे, पण ते पाहिलं नाही तर त्यांना वेळ कळत नाही. नवऱ्याच्या निरोप समारंभातली चांदीच्या रंगाची ढाल सर्वांत वर, कारण ती मधल्या फळीवर मावत नाही, असं आम्ही सांगतो. बोन चायनाचा टी-सेट लग्नात मिळालेला. त्यात अजून कोणी चहा प्यायलेला नाही आणि एकही कप फुटलेला नाही, या दोन गोष्टींबद्दल आम्ही अभिमानाने बोलावं तेवढं थोडं.

आणखी एक गोष्ट मांडताना लक्षात आली. सासूबाई तात्यापाऱ्यात जन्मल्या. त्यांचं घर हललं नाही, राजधान्या हलल्या: आधी नागपूर, १९५६ मध्ये भोपाळ, आणि २००० साली १ नोव्हेंबरला राजधानी त्यांच्या दारातच आली. एवढ्या वर्षांत महाराष्ट्रातून जो कोणी आला तो महाराष्ट्र घेऊन आला: अश्वारूढ शिवाजी महाराज, नथ घातलेली पैठणीतली बाहुली, बोटभर कोल्हापुरी चपला, सावंतवाडीची लाकडी केळी नि आंबे, तुळजापूरची भवानी. आणि आम्ही पुण्या-मुंबईला जाताना प्रत्येकाला बस्तर दिलं: पितळी हत्ती, हरणं, झिटकू-मिटकी. परिणाम असा की आमच्या शोकेसमध्ये अख्खा महाराष्ट्र आहे, आणि बस्तर बघायचं असेल तर कोथरुडात कोणाच्याही हॉलमध्ये बघता येतं. जिथे आपण राहतो तिथलं काचेमागे कोणी ठेवत नाही.

अपवाद एक, आमची झिटकू-मिटकी. भगदाडातून ती थेट मधल्या फळीवर आली. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या बारीक तारा गुंडाळून, वर पुन्हा मातीचा लेप देऊन, आत तापलेलं पितळ ओततात. मेण वितळून जातं आणि साचा फोडूनच मूर्ती काढतात. साचा एकदाच वापरता येत असल्याने दुसरी वस्तू पहिलीसारखी निघत नाही. बस्तरच्या दंतकथेतलं हे प्रेमी जोडपं, पण आमच्या जोडीतली मिटकी झिटकूपेक्षा अर्ध्या इंचाने उंच आहे. नवऱ्याने गुण्या मागितला. मिस्त्री तो घेऊन गेलेला होता, हे फार बरं झालं.

शेवटची फळी सासूबाईंनी मागून घेतली. त्यांनी तिथे काय ठेवलं तर औषधांचा डबा, टॉर्च आणि विजेची बिलं. "लाइट गेला की शोधायचं कुठे?" म्हणाल्या. त्यावर काच लावू देत नाहीत. पाच फळ्यांपैकी रोज वापरात असलेली तीच एक.

आता शोकेस गच्च भरलेली आहे आणि पुढे पाहुण्यांचा हंगाम आहे. रायपूरला कधी येणं झालं तर आमच्याकडे जरूर या. हात हलवत या. फारच ओशाळल्यासारखं वाटलं तर चितळ्यांची बाकरवडी आणा, ती फळीवर जाणार नाही. पण गणपती, घड्याळ, ताजमहाल, नथवाली बाहुली, यांतलं काही आणलंत तर ते जाताना परत मिळेल.